भाजल्याची तारीख

“थांब. बोलू नकोस.”

पुडी कापली की सिस्टर एवढंच म्हनायच्या. कात्री बाजूला ठेवायच्या, पुडीचं तोंड दोनी हातांनी धरायच्या, त्यात नाक घालायच्या आन डोळं मिटायच्या. मी दारात उभा. भाईर रिक्षा चालूच असायची, बंद करायचं भान राहायचं न्हाई. दवाखान्यात आपलं मानूस आत आन आपन भाईर, असं तुमी कवा उभं राहिला असाल, तर तुमाला वेगळं सांगायला नको.

मंग त्या डोळं उघडायच्या.

“आहे,” म्हनायच्या. “आहे अजून.”

तवा कुठं मी घरात पाय ठेवायचो.

नगरशेजारचं आमचं आख्खं भिंगार त्यांना सिस्टर म्हनायचं. नाव असंल की काय तरी, पन ते पोस्टमनलाच ठावं. मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स हुत्या, रिटायर होऊन बी लई वरसं झालेली. लगीन केलं न्हाई. थोरली बहीन आन त्या, दोगीच राहायच्या; बहिनीची पोरगी नाशिकला दिलेली. ती बहीन वारली तवापासून एकट्या. भिंतीला बुद्धाचा फोटो आन त्याच्या शेजारी ताईचा. आमच्या स्टँडवरच्या समद्या रिक्षावाल्यांना त्यांनी कवा ना कवा इंजेक्शन दिलेलं. चांगला पैलवान गडी बी त्यांच्यापुढं आईला हाक मारायचा. मी तर सासूला हाक मारली हुती. इतका भ्यालो की नात्यांचा घोळ झाला.

मला काम एकच. ताजी भाजलेली कॉफी शोधून आनायची. बिया. पावडर न्हाई, बाटली न्हाई. बिया आनायच्या, त्या घरी दळायच्या. नोकरीत असताना होस्टेलात दक्षिणेकडच्या पोरी हुत्या. त्या गावाकडनं कच्च्या बिया आनायच्या आन तव्यावर भाजायच्या. तवापासून सिस्टरना दुसरी कॉफी कॉफीच वाटायची न्हाई.

आता नगरात ताजी भाजलेली कॉफी कुठं मिळती हे मला काय म्हाईत? मी जन्मात कॉफी पिलेली एकदाच, एका लग्नात, तीबी चहा संपला म्हनून. पयल्या दिवशी किरानावाल्याकडनं बाटली आनली. सिस्टरनी ती नुसती बघितली आन मलाच परत दिली. दुसऱ्या टायमाला कापडबाजाराकडं एका दुकानात म्हनलं, “शेठ, ताजं भाजलेलं द्या.” त्यानं गरम शेंगदाने दिले. मी तेबी घेऊन आलो. निम्मे वाटंत खाल्ले हुते.

“बाळू,” सिस्टर म्हनल्या, “पॅकिंगची तारीख बघायची नाही. एक्सपायरी तर मुळीच नाही. भाजल्याची तारीख बघायची.”

“सिस्टर, मला वाचता कुठं येतं?”

“आकडे येतात ना?”

“आकडे येत्यात. मीटरनं शिकवलं.”

“मीटर तर तू कधी टाकत नाहीस.”

गेलो शोधायला.

नगरातच, सावेडीला एक काचेचं दुकान सापडलं. दार ढकलायचं का ओढायचं हे कळंना, म्हनून मी दोनी केलं, आन आतला दाढीवाला पोरगा शेवटी उठून आला. तोच मालक. मी म्हनलं, “कॉफीच्या बिया हायत का? भाजल्या कवा ते आदी सांगा.”

पोरगं असं खूश झालं, जनू मी त्याला पोरगी द्यायला आलो. “काका, हे विचारणारे तुम्ही पहिलेच!” पुन्याला एक जन भाजायचा, दर आठवड्याला ह्याच्याकडं माल यायचा. त्यानं पुडी काढली आन सांगाय लागला. “ह्यात संत्रं आहे, गूळ आहे आणि शेवटी थोडं चॉकलेट.”

मी त्याला बाजूला घेतलं. म्हनलं, “मालक, भेसळ नको. चोख द्या. बाई नर्स हाय, लगेच वळखंल.”

“अहो काका, काही घातलेलं नाही. वास तसा येतो.”

“येऊ द्या की. पन घालू नका.”

आन ऐका, पुडीला मोहरं एक बारीक भोक असतं. मला वाटलं, पोरानं फुटकी पुडी गळ्यात मारली. रिक्षावाला मी, भोक दिसलं की हात शिवशिवतो. पंक्चरवाल्याकडं थांबून त्यावर चांगली चिकटपट्टी मारली. घरी देऊस्तोवर पुडी गप हुती, सकाळच्याला सिस्टरचा फोन आला, “बाळू, ये आणि बघ.” जाऊन बघतो तर पुडी नुसती फुगून उशीगत झालेली. मी म्हनलं, “सिस्टर, लांब व्हा! फुटंल!” त्या डोळ्याला पानी येईस्तोवर हसल्या. ताज्या भाजलेल्या बीतनं हवा सुटती म्हनं, ती जायला ते भोक. “फुगली म्हणजे ताजी,” म्हनल्या. “शिळी कॉफी फुगत नाही.”

त्या हसल्या ते शेवटचं असं मी म्हननार न्हाई, नंतर बी लई हसल्या. पन त्या दिवशी हसता हसता त्या मधीच गप झाल्या, आन मला म्हनल्या, बस.

मी इचारलं हुतं, “सिस्टर, एवढं काय असतंय ओ वासात?”

त्यांनी ताईच्या फोटोकडं बघितलं. “ताईची सुरुवात तिथूनच झाली, बाळू. एक दिवस कॉफीचा कप ठेवला पुढे. म्हणाली, आज नुसतं गरम पाणी दिलंस का गं? मी हसले. मी! जन्मभर दवाखान्यात काढला आणि हसले. मग दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळेना. मग गॅस चालू राहिला. मग शब्द गेले, मग माणसं. शेवटी मला म्हणायची, बाई, तुम्ही कुठल्या?”

मीबी फोटोकडं बघितलं.

“सर्दीनं वास जातो, तापानं जातो, म्हातारपणानं जातो. घाबरायचं नसतं. पण ताईचा तसा गेला नव्हता, आणि आम्ही दोघी एका आईच्या. म्हणून मी रोज बघते.”

“मंग फिनेल हुंगा की. विक्स हुंगा. स्वस्तात काम.”

“ते टोचतं रे. टोचणं वेगळं, वास वेगळा. आणि शिळ्या कॉफीवर काय भरवसा? वास आला नाही तर तिचा गेला की माझा गेला, कसं कळणार?”

हे ऐकलं आन मेलो मी. तवर मी कॉफीची पुडी आनत हुतो. त्या दिवसापास्नं काय आनतोय तेच कळंना. पुडी शीटखाली ठिवली तर वाटायचं, उन्हानं वास उडंल. मोहरं ठिवली तर वाटायचं, डिझेलच्या गाड्यांचा धूर बसंल. मंग शर्टात, छातीशी धरून एका हातानं रिक्षा चालवायचो. स्टँडवरची मंडळी म्हनायची, “बाळ्या, बाळंत कवा झालास?” घरी मीबी हुंगाया लागलो. भाकरी हुंग, आमटी हुंग. बायको म्हनली, “कुत्र्यागत काय हुंगताव? नासलेली वाटती काय माझ्या हातची?” तिला काय सांगू? माझं नाक मुळात काय कामाचं? इतकी वरसं तोंडात तंबाखूचा मावा, नाकात पेट्रोल. मला वास येतो का न्हाई हे मलाच कवा कळलं न्हाई.

तर ती सकाळ.

पुडी ताजी हुती, तारीख मी दोनदा बघितलेली. सिस्टरनी कापली. “थांब. बोलू नकोस.” नाक घातलं. डोळं मिटलं.

मी थांबलो. लई थांबलो. भाईर भाजीवाली आली, वरडून गेली. सिस्टरनी डोळं उघडलं न्हाईत. पुडी जरा हलवली, बिया खळखळल्या, पुन्यांदा नाक घातलं. त्यांच्या खांद्याची हाडं पातळातनं वरखाली होताना दिसत हुती, इतक्या जोरात त्या श्वास वढत हुत्या.

मंग पुडी माझ्यापुढं धरली. “तू घे.”

घेतला. आता बघा माझं नशीब. मला चार दिसापास्नं सर्दी. काय बी आलं न्हाई. म्हनलं, “सिस्टर, मलाबी न्हाई येत.”

त्यांचं तोंड एकदम उजळलं. आन लगेच इझलं. “तुला कधी कशाचा आला?” असं म्हनल्या. रागानं न्हाई.

थोड्या टायमानं त्या नर्स झाल्या. पाठ सरळ, आवाज कडक. “ही पुडी घेऊन त्या मुलाकडे जा. माल खराब असेल तर कच्च्या बिया मिळतात का विचार. माझ्यासमोर भाजलेली हवी. म्हणजे संशय नको.”

दाढीवाल्या पोरानं पुडी नाकाला लावली आन म्हनला, “वा! काका, काय तक्रार आहे? मस्त आहे की. बघा, मोसंबीसारखा कसा येतोय!” त्यानं ती दुकानातल्या पोरीला हुंगायला दिली, तीबी वा म्हनली. मी खुर्चीवर बसलो. एक गिऱ्हाईक म्हनलं, “काका, तुम्हाला पाणी देऊ का?” त्या दुकानात मी आजवर कवा बसलो नव्हतो, खुर्ची उंच, पाय खाली टेकंनात. तसाच लोंबकळत बसलो.

मंग म्हनलं, “कच्च्या हायत का?”

बरनीत शोभेला ठेवलेल्या हुत्या. हिरवट, पावट्यागत. पोरानं कागदात बांधून दिल्या.

मी परत आलो. हातात कागद बघून सिस्टर माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. माझं तोंड हे असं, त्यात काय लपत न्हाई, पत्त्याच्या डावात मला कुनी भिडू घेत न्हाई ते त्यापायीच. त्यांनी इचारलं न्हाई, तो मुलगा काय म्हणाला. मी सांगितलं न्हाई. त्या आत गेल्या, चांगलं पातळ नेसून आल्या आन म्हनल्या, “कुठे भाजायच्या? ताईनंतर घरात गॅस ठेवला नाही. ह्या विजेच्या शेगडीवर एवढ्या धड भाजणार नाहीत.”

आन हितं माझी अक्कल पाजळली. “भट्टीवर, सिस्टर! बाजारातल्या मावशीच्या. फुटाने कसे एका झटक्यात भाजती! वाळूत टाकायचं की तयार.”

त्या म्हनल्या, “वाळूत?” पन रिक्षात बसल्या. भ्यालेलं मानूस कशाला बी व्हय म्हनतं, हे मला त्यांच्याकडनं कळलं. मी तर न भिता बी म्हनतो.

भट्टीवाल्या मावशीनं बिया तळहातावर घेऊन बघितल्या. “आगं बया! ह्ये कसलं हरभरं रं बाळ्या? किडलं काय, हिरवं पडलंय?”

“कॉफी हाय, मावशी.”

“कापी? कापी अशी असती?”

“शेरातली मान्सं पितेत ती अशीच.”

“मरू दे. फुटंल का पन?”

“फुटती,” सिस्टर म्हनल्या. “तड्‌ असा आवाज येतो. मग थोडं थांबून काढायची.”

पन मावशीला फुटान्याची सवय. वाळू लाल तापलेली, तिनं बिया टाकल्या, वर झारा फिरवला. गरागरा. लगी तडतड सुरू झाली. मी वरडलो, “काढा!” मावशी म्हनली, “थांब की, अजून समदं कुठं फुटलंय?” तिच्या हिशेबानं दाना न दाना फुटला पायजे, तर तो भाजला. धूर निघाला. आदी पांढरा, मंग पिवळा, मंग काळा. शेजारचा मसालेवाला शिव्या देत भाईर आला. एक बाई लेकराच्या तोंडावर पदर धरून पळाली. मावशीनं सोताच नाकाला पदर लावला. करपट, कडवट, टायर जळल्यागत. माझ्या त्या बंद नाकात बी असा घुसला की मेंदूपतूर झिनझिन्या. मी रुमाल काढला, तोंड झाकलं.

आन सिस्टर कढईच्या शेजारी उभ्या. डोळं मिटलेलं. तोंड वर.

“आहे,” म्हनल्या. “बाळू, आहे अजून! काय गोड सुटलाय!”

खोकनारं बी खोकायचं थांबलं.



मंग त्यांनी डोळं उघडलं. समोर मावशी, नाकाला पदर. मसालेवाला, नाकाला उपरनं. मी, नाकाला रुमाल. मला तो रुमाल झटकन काढायला पायजे हुता, पन मी तसाच धरून उभा राहिलो. त्या एकेकाकडं बघत गेल्या. माझ्यापाशी आल्या तवा नजर थांबली.

मावशीला काय ठावं न्हाई, ती बिचारी चाळनी मारत म्हनली, “जळलं की रं मुडद्या! कोळसं झालं समदं. आजी, माफ करा ओ.”

“तुमची काही चूक नाही,” सिस्टर म्हनल्या, आन ते काळं दाने पुडीत बांधून मागितले.

रिक्षा बाजाराच्या भाईर काढली. मंग मागनं आवाज आला.

“फार जळाल्या होत्या?”

“कोळसा, सिस्टर.”

“सगळ्यांना आला वास?”

“व्हय.”

“तुलासुद्धा?”

“मला बी.”

“मग फारच जळाल्या असणार,” त्या म्हनल्या.

मी हसलो आन हसता हसता मला पुढचं दिसंना. रिक्षा बाजूला घेतली. तर त्याच मला धीर द्यायला लागल्या, “हळू चालव, घाई नाही.”

नाकाच्या डॉक्टरकडं नेलं. डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डोक्याचा डॉक्टर म्हनला, “ह्या वयात कमी होतं, आजी. एवढ्यावरून काही ठरत नाही.” भाईर आल्यावर सिस्टर म्हनल्या, “बरोबर बोलला. मीसुद्धा पेशंटला असंच सांगायचे.”

तरी पुडी आनायचं बंद झालं न्हाई. आता वास मी घ्यायचा. त्यासाठी मी मावा सोडला. मला सोडायला कुनी सांगितलं असतं तर म्या त्याचं डोस्कं फोडलं असतं, पन हितं सांगितलं कुनी न्हाई, मलाच लाज वाटली. रोज सकाळी पयली फेरी त्यांच्या दाराशी. दूध हुंगायचं, भात हुंगायचा, मंग पुडी.

“सांग,” त्या म्हनायच्या.

“कॉफीसारखा येतोय.”

“कॉफीसारखा म्हणजे कसा? नीट सांग.”

“म्हंजे… गुऱ्हाळावर काहिलीतला रस करपला आन शेजारी कुनी संत्रं सोललं, तसा.”

त्या डोळं मिटून ऐकायच्या. नाकानं न्हाई तर कानानं घ्यायच्या. “अजून?” म्हनायच्या. मी काय बी लावायचो. न्हाव्याच्या दुकानातली पावडर म्हनायचो, नवी वही म्हनायचो. वहीचा आन माझा काय संबंध? पन त्या हसायच्या, आन मला वाटायचं, टळलं बघ. एवढं हसतंय मानूस, म्हंजे टळलं.

पन भीती कशी जाती ते ऐका. एक दिवस पुडी घेऊन गेलो तर सिस्टर वट्यावर बसून कप घेऊन पीत हुत्या. शेजारनीनं बाटलीतली पावडर घालून करून दिलेली. मी पुडी मोहरं धरली. “सिस्टर, परवाची भाजलेली हाय.” त्यांनी तारीख बघितली न्हाई. पुडी घेतली, बाजूला ठेवली, आन घोट घेऊन म्हनल्या, “छान आहे रे ही.”

“ही बाटलीतली हाय, सिस्टर.”

“हो का? छान आहे.”

तोंड असं निवांत. भीतीचा मागमूस न्हाई. आजवर त्या भ्यायच्या तवर मला वाटायचं, चला, भितायत म्हंजे जाग्यावर हायत. त्या दिवशी त्यांची भीती सुटली आन आख्खीच्या आख्खी माझ्या गळ्यात पडली. मी भाईर येऊन रिक्षात बसलो. एक पॅसेंजर येऊन बसला, म्हनला, “चला.” म्हनलं, “तुमीच चालवा.”

पुढं काई म्हैन्यांनी सिस्टरना आपल्याकडं न्यायला नाशिकहून ताईची पोरगी आली. चांगली हाय, कळवळ्याची. तिनं सामान बांधलं. सिस्टर तिला ताईच म्हनत हुत्या आन ती व्हय म्हनत हुती. गाडी दारात लागली. स्टँडवरची समदी आल्ती. ज्यानं त्यानं पाया पडून घेतलं. सिस्टर समद्यांकडं बघून सारख्याच हसत हुत्या, मुलगी बघायला आलेल्या पावन्यांकडं हसत्यात तशा.

मी खिडकीपाशी गेलो. काय बोलायचं ते ठरवून आलो हुतो. नुसता हात आत घातला.

त्यांनी तो धरला, उलटा केला, आन मनगटावर तीन बोटं ठेवली. दुसऱ्या हाताला घड्याळ नव्हतं, तरी त्या मोकळ्या मनगटाकडं बघत राहिल्या. ओठ हलत हुते. पोरीनं गाडी चालू केली तर सिस्टरनी तिला हातानंच थांबवलं. तीबी थांबली. समदी थांबली.

“फार पळतंय,” त्या म्हनल्या. मंग माझ्याकडं बघितलं, लई मायेनं. इतकी वरसं मला अरे-तुरे करनारी बाई म्हनली, “घाबरू नका. इथे बसा शांतपणे. डॉक्टर येतील एवढ्यात.”

मी व्हय म्हनलं.

गाडी बाजाराकडं वळली. मान्सं पांगली. भाड्याचा टाईम हुता, स्टँडवरनं मला हाका येत हुत्या. मी त्यांच्या कुलूप लावलेल्या दारापुढं पायरीवर बसलो आन बसून राहिलो. सिस्टरनी बसायला सांगितलं हुतं.